डाव्या स्वरतंतूशेजारची पट्टी : सव्वा वर्षाने बाहेर आलेल्या इम्प्लांटचं प्रकरण

आवाजाच्या ऑपरेशनआधी पेशंटचा एक प्रश्न हमखास असतो, "डॉक्टर, शरीर ते स्वीकारेल ना?" आणि आम्हीही सवयीने "हो, मटेरियल चांगलं आहे" म्हणून मोकळे होतो. ही केस लिहायला घेतली कारण यात मला तो प्रश्नच चुकीचा वाटायला लागला. एकाच माणसाच्या घशात, निकामी स्वरतंतूला टेकू म्हणून बसवलेल्या एकाच पट्टीच्या वरच्या आणि खालच्या टोकाला, जेमतेम ८ मिलिमीटरच्या अंतरात शरीर दोन अगदी वेगळ्या पद्धतीने वागलं, तेही माझ्या डोळ्यासमोर आणि नंतर मायक्रोस्कोपखाली. पेशंटची परवानगी घेतलीय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

पेशंट ४८ वर्षांच्या शिक्षिका. थायरॉइडमध्ये गाठ होती, पॅपिलरी कॅन्सर निघाला, पूर्ण ग्रंथी काढली. ऑपरेशन व्यवस्थित झालं पण डाव्या बाजूची रिकरंट लॅरिंजियल नस, म्हणजे स्वरतंतू हलवणारी नस, गाठीला चिकटलेली होती आणि ती वाचली तरी कामातून गेली. शुद्धीवर आल्यापासून आवाज म्हणजे नुसती हवा. एका दमात चार-पाच शब्द, पाणी प्यायलं की ठसका, खोकला पण जोर नसलेला. लोकांना वाटतं स्वरतंतू फक्त बोलायला असतात, पण खोकताना ते आधी घट्ट मिटतात आणि मगच हवेचा दाब तयार होतो, त्यामुळे एक स्वरतंतू पॅरालाइज झाला की आवाजाबरोबर खोकलाही जातो आणि गिळताना श्वासनलिकेवरचा पहाराही सैल पडतो.

माझ्याकडे आल्या तेव्हा ऑपरेशनला सहा आठवडे झाले होते. दुर्बिणीतून बघितलं तर डावा स्वरतंतू मध्यरेषेपासून लांब, बाहेरच्या बाजूला, स्थिर आणि थोडा बाक आलेला. "आऽऽ" एका श्वासात किती वेळ टिकतो ते मोजलं, ४ सेकंद. निरोगी माणसाला साधारण १५ सेकंद किंवा जास्त जमतं.

नस तुटलेली नसेल तर ती सहा महिने ते वर्षभरात परत जागी होऊ शकते, म्हणून एवढ्यात कायमचं काही करायचं नसतं. पण तोवर माणसाने ठसके खात बसायचं का, तर नाही, म्हणून स्वरतंतूच्या बाहेरच्या अंगाला हायलुरोनिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन दिलं. ते जेल काही महिन्यांत विरघळून जातं, तेवढी सोय होते. मॅडम शाळेत परत गेल्या. चौथ्या महिन्यात जेल विरघळलं, आवाज परत हवेत. अकराव्या महिन्यापर्यंत नसेची काही हालचाल नाही, स्नायूंची ईएमजी तपासणीही (स्नायूंतले विद्युत संकेत बघणारी) निराशाजनक, मग थायरोप्लास्टी ठरवली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण पुढचं सगळं या रचनेवर अवलंबून आहे. गळ्यात पुढे हाताला लागतं ते थायरॉइड कूर्चेचं ढालीसारखं हाड (हाड म्हणायची सवय, आहे ती कूर्चाच). तिच्या आत दोन्ही बाजूंना स्वरतंतू. १९७४ मध्ये जपानचे नोबुहिको इशिकी यांनी या कूर्चेवरच्या ऑपरेशनांचे चार प्रकार मांडले, त्यातला पहिला प्रकार आपला. कूर्चेत बाहेरून छोटी खिडकी पाडायची आणि त्यातून काहीतरी आत सरकवून निकामी स्वरतंतू मध्यरेषेकडे ढकलायचा, म्हणजे चांगला स्वरतंतू येऊन त्याला टेकेल आणि फट मिटेल. इम्प्लांट स्वरतंतूत बसत नाही, ते बसतं स्नायूच्या बाहेर, कूर्चा आणि स्नायू यांच्या मधल्या सैल जागेत. हा फरक फार मोठा आहे. बोलताना थरथरतो तो स्वरतंतूचा अगदी वरचा पातळ मऊ थर, रेनकेची जागा म्हणतात ती, आणि तिथे परकी वस्तू गेली किंवा नुसता व्रण पडला तरी आवाज कायमचा कडक होतो. जपानच्याच हिरानो यांनी १९७४ मध्येच हे मांडलं होतं की स्वरतंतू म्हणजे मऊ पांघरूण आणि आत घट्ट अंग, पांघरूण अंगावरून लाटेसारखं सरकायला हवं. आम्ही इम्प्लांट टाकतो ते अंगाला मागून टेकू म्हणून, पांघरुणाला हात न लावता.

टेकू कशाचा द्यायचा याचा इतिहास बघितला की मला दरवेळी वाटतं, आपल्या आधीच्यांनी किती काही सोसून आपल्याला शिकवलंय, आणि त्यांच्यापेक्षा जास्त त्यांच्या पेशंटनी. १९११ मध्ये ब्रूनिंग्ज यांनी पॅराफिन टोचलं. आवाज आला, पण पॅराफिन जागेवरून सरकलं आणि त्याच्याभोवती गाठी झाल्या. मग १९६२ मध्ये अर्नोल्ड यांनी टेफ्लॉन आणलं, नॉन-स्टिक भांड्यांना असतं तेच, कशाशीच रासायनिक क्रिया न करणारं. त्याची बारीक पूड ग्लिसरीनमध्ये कालवून सुईने द्यायची. पुढची काही दशकं जगभर हेच चाललं आणि सुरुवातीचे निकाल खरोखर छान होते. नंतर, काहींना काही महिन्यांनी तर काहींना कित्येक वर्षांनी, स्वरतंतू फुगायला लागले, कडक व्हायला लागले, टेफ्लॉन ग्रॅन्युलोमा. कशाशीच क्रिया न करणारा पदार्थ आणि तरी एवढी गाठ का?

याचं उत्तर पेशींच्या नजरेतून बघितलं तरच कळतं. शरीरात काहीही परकं गेलं की पहिल्या काही सेकंदांतच रक्तातली प्रथिनं त्यावर चिकटतात, अल्ब्युमिन, फायब्रिनोजेन, फायब्रोनेक्टिन वगैरे. म्हणजे पेशी येतात तेव्हा त्यांना सिलिकॉन किंवा टेफ्लॉन दिसतच नाही, त्यांना दिसतो प्रथिनांचा थर, आणि तो कसा बसलाय त्यावरून त्या ठरवतात काय करायचं. पहिले एक-दोन दिवस न्यूट्रोफिल, मग मॅक्रोफेज, दोन्ही शरीराच्या संरक्षक पेशी. मॅक्रोफेजचं काम गिळून टाकणं. कण लहान असेल तर गिळतो, पण टेफ्लॉन पचत नाही, मग तो कण पोटात घेऊन पेशी फिरते, मरते, दुसरी येते, तिचंही तेच. कण मोठा असेल तर अनेक मॅक्रोफेज एकमेकांत मिसळून एक महापेशी बनवतात, जायंट सेल, तिच्यात कितीतरी केंद्रकं दिसतात. टेफ्लॉनच्या त्या पुडीतले कण साधारण ६ ते १०० मायक्रॉन, म्हणजे काही गिळता येण्याजोगे, काही न येण्याजोगे, आणि सगळे सुटे. सुटे असल्यामुळे प्रत्येक कणाभोवती वेगळी लढाई. एवढ्याशा जागेत अशा हजारो लढाया चालू राहिल्या की गाठ होणारच.

आणि वस्तू एकसंध, मोठी, गुळगुळीत असेल तर? मॅक्रोफेज तिला गिळू शकत नाही, विरघळवूही शकत नाही, मग काम फायब्रोब्लास्टकडे, म्हणजे कोलॅजनचे तंतू विणणाऱ्या पेशींकडे जातं. तीन-चार आठवड्यांत कोलॅजनची पातळ पिशवी वस्तूभोवती विणली जाते आणि शरीर तिला बाकीच्यापासून वेगळं करून टाकतं. आपण ज्याला "शरीराने स्वीकारलं" म्हणतो ते खरं तर हे आहे, घालवता येत नाही म्हणून घातलेलं कुंपण. पातळ, शांत, न हलणारं कुंपण म्हणजे चांगला इम्प्लांट. मी आता पेशंटना हेच शब्द वापरून सांगतो, ऐकायला जरा कमी गोड वाटतं पण खरं आहे.

कुंपणाची जात मटेरियलप्रमाणे बदलते. सिलिकॉनचा ठोकळा गुळगुळीत, त्याच्यात काही शिरत नाही, त्याच्याभोवती फक्त पिशवी, आतून न चिकटलेली, म्हणून नंतर काढायला सोपा पण नीट अडकवला नाही तर सरकूही शकतो. टायटॅनियमच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर असतो आणि ऊतक त्याच्याशी बऱ्यापैकी जवळीक करतं. हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट तर हाडाचंच खनिज, कूर्चेच्या खिडकीपाशी त्याच्याभोवती हाडसुद्धा तयार होऊ शकतं. आणि गोअर-टेक्स. गोअर-टेक्स म्हणजे रसायन म्हणून बघितलं तर टेफ्लॉनच! तोच रेणू. फक्त ताणून ताणून त्याची सूक्ष्म जाळीदार पट्टी केलेली, तंतूंमधलं अंतर २०-३० मायक्रॉनच्या आसपास, त्यात पेशी आणि कोलॅजन थोडंसं शिरतं आणि पट्टी जागेवर धरली जाते. पुडी केली तर ग्रॅन्युलोमा, पट्टी केली तर बहुतेकांमध्ये वर्षानुवर्षं शांत. रसायनापेक्षा आकार आणि बांधणीला शरीर जास्त उत्तर देतं, याचा इतका स्पष्ट पुरावा मला दुसरा माहीत नाही. मॅडमना मी गोअर-टेक्स टाकलं ते याच भरवशावर.

ऑपरेशन लोकल भूल देऊन, पेशंट जागा ठेवूनच करतो, कारण पट्टीचा एकेक पदर आत सरकवताना आवाज ऐकायचा असतो. कूर्चेत साधारण ५ बाय १० मिलिमीटरची खिडकी पाडली, आतलं पेरिकाँड्रियम, म्हणजे कूर्चेवरचं पातळ आवरण, उघडलं (हे पुढे लक्षात ठेवा), आणि ३ मिलिमीटर रुंद पट्टी घडी घालत घालत आत सोडली. मॅडम एक ते दहा आकडे म्हणत होत्या. सातव्या-आठव्या वेळी "सहा" म्हणताना आवाज असा एकदम भरून आला की भूल देणारे डॉक्टर पण वर बघायला लागले. शेवटी जखमेत सलाइन भरून त्यांना जोर लावायला सांगितला, बुडबुडे आले असते तर आतली त्वचा फाटली असं समजलं असतं, आले नाहीत. सूज येणार हे धरून पट्टी किंचित जास्त ढकलून ठेवली, एक रात्र श्वासावर लक्ष ठेवलं, स्टिरॉइड दिलं, घरी पाठवलं.

तीन महिन्यांनी "आऽऽ" १३ सेकंद. पाण्याचा ठसका बंद. वर्गात माइक न लावता शिकवत होत्या. चौदा महिने सगळं छान.

मग एक दिवस मुलीचा फोन, आईचा आवाज परत खरखरीत झालाय, सकाळी घशातून घाण वासाचा कफ येतो, डाव्या बाजूला गिळताना टोचतं. इथे मला एक गोष्ट मोकळेपणाने लिहायचीय, पहिल्या फोनवर मी सर्दी-खोकल्याची साथ आहे असं धरून चाललो आणि एक आठवडा अ‍ॅन्टिबायोटिक दिलं. बरं वाटलं, थांबवलं, परत सुरू. परत दिलं, परत बरं, परत सुरू. इम्प्लांट असलेल्या माणसाचा असा येजा करणारा त्रास म्हणजे इम्प्लांटचंच दुखणं आहे असं समजूनच सुरुवात करायला हवी, मी तीन आठवडे घालवले.

दुर्बिणीत दिसलं ते असं: डाव्या स्वरतंतूच्या वरची जी खोबणी असते, व्हेंट्रिकल, तिच्या पुढच्या भागातून लालसर मांस वाढून बाहेर डोकावतंय, त्याला पिवळट चिकटा, आणि त्या मांसाच्या मधोमध पांढरा ठिपका. घरच्यांच्या मनात पहिलं काय येणार? कॅन्सरची हिस्टरी आहे. सीटी स्कॅनच्या रिपोर्टमध्ये डाव्या बाजूला "वाढलेलं ऊतक, पुन्हा उद्भवलेला आजार नाकारता येत नाही" असं लिहून आलं, कारण रिपोर्ट लिहिणाऱ्याला तिथे पट्टी आहे हे कुणी कळवलंच नव्हतं, फॉर्मवर नव्हतं. ती मुलगी कॉरिडॉरमध्ये रिपोर्ट हातात धरून उभी होती तो चेहरा मला विसरता येत नाही. म्हणून हात जोडून सांगतो, गळ्यात इम्प्लांट असेल तर प्रत्येक स्कॅनच्या फॉर्मवर ते लिहा, पेशंटच्या जवळ कार्ड द्या. पेट स्कॅनमध्ये तर जुन्या टेफ्लॉनच्या गाठी उजळून निघतात, कारण तिथल्या मॅक्रोफेज पेशी ग्लुकोज भरभरून वापरत असतात, आणि त्यांना कॅन्सर समजलं गेल्याच्या केसेस वैद्यकीय साहित्यात चांगल्या माहितीच्या आहेत.

स्कॅन मी स्वतः रेडिओलॉजिस्टबरोबर बसून परत बघितला. पट्टी पांढरी ठळक दिसत होती. तिची खालची घडी जिथे हवी तिथे, स्वरतंतूच्या पातळीला. वरची घडी मात्र वर, व्हेंट्रिकलच्या पातळीला. खिडकीच उंच पडली होती, २ मिलिमीटर असेल.

२ मिलिमीटर ऐकायला काहीच नाही. पण स्वरतंतूच्या पातळीला पट्टी आणि आतली त्वचा यांच्यामध्ये स्नायूची गादी असते, आणि जरा वर गेलं की व्हेंट्रिकलची त्वचा, पातळ, आधार नसलेली, बाहेरून पट्टी आतून हवा आणि मधे एवढासा पडदा. बायकांची कूर्चा लहान, त्यामुळे चुकीला जागा आणखी कमी. समोरच्या खाचेपासून खालच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून मध्य धरायचा आणि खिडकी त्या रेषेच्या खाली ठेवायची हा नियम पुस्तकी आहे, मला पाठ आहे, आणि तरी मी त्या दिवशी खाच हाताने चाचपून अंदाजाने धरली होती, गळ्यावर आधीच्या ऑपरेशनचा व्रण होता, खुणा अस्पष्ट होत्या, तेव्हा जास्त मोजायला हवं होतं. त्यात पेरिकाँड्रियम उघडलेलं, म्हणजे असलेला आणखी एक पडदा मीच काढून ठेवला होता. काही सर्जन ते मुद्दाम शाबूत ठेवतात. गोअर-टेक्ससाठी उघडलं तर पट्टी छान पसरते म्हणून बरेचजण उघडतात, मीही उघडतो, पण खिडकी उंच आणि पडदा उघडा या दोन गोष्टी एकत्र आल्या की काय होतं ते इथे दिसलं.

फाटलं कधी? ऑपरेशनच्या वेळी नाही, बुडबुड्यांची तपासणी साफ होती आणि फाटलं असतं तर काही आठवड्यांतच पू झाला असता. मला वाटतं हे हळूहळू झालं. बाईमाणसाचा स्वरतंतू बोलताना सेकंदाला साधारण २०० वेळा थरथरतो, म्हणजे एक तास सलग आवाज काढला तर ७ लाख २० हजार वेळा. शिक्षकाचा दिवस किती तासांचा असतो ते वेगळं सांगायला नको. त्या प्रत्येक थरथरीत मऊ ऊतक आणि न वाकणारी घडीची कड यांच्यात केसाएवढी सरकासरक. कुंपण शांत राहायला सगळ्यात जास्त कशाची गरज असेल तर ती स्थिरतेची, जिथे घासाघीस चालू राहते तिथे मॅक्रोफेज परत परत बोलावले जातात, पिशवी जाड होते, दाबाखालची त्वचा पातळ होत जाते, आणि एक दिवस पट्टीचं टोक उघड्या हवेला लागतं.

हवेला लागलं की खेळच बदलतो. घशातले जंतू पट्टीवर बसतात. जंतू १ मायक्रॉनचा, जाळीची छिद्रं २०-३० ची, तो आरामात आत जातो. त्याला मारायला येणारा मॅक्रोफेज १५-२० मायक्रॉनचा, तो त्या वाकड्यातिकड्या बोळांत नीट शिरूच शकत नाही. वरून जंतू स्वतःभोवती चिकट थर बांधतात, बायोफिल्म, आणि तिथे अ‍ॅन्टिबायोटिकचं फारसं चालत नाही. ज्या छिद्रांमुळे पट्टी जागेवर धरली जाते तीच छिद्रं आता जंतूंची घरं. अ‍ॅन्टिबायोटिकने काही दिवस बरं आणि परत तेच का होत होतं ते इथे कळलं. एकदा असं झालं की इम्प्लांट काढण्याशिवाय मार्ग नाही, हे मॅडमना सांगताना मला जड गेलं. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे परत ती पहिली हवा?" मी म्हटलं, होऊ शकतं, खोटं नाही सांगणार.

पूर्ण भूल देऊन तोंडातून, मायक्रोस्कोप लावून काढली. वाढलेलं मांस बाजूला केल्यावर पांढरी पट्टी दिसली, चिमट्यात धरून ओढली तर वरचा भाग लोणी कापावं तसा सुटून आला, खाली मात्र अडकली. खालच्या घडीत ऊतक शिरलेलं होतं, तिथे ती अशी घट्ट बसली होती की मला कात्रीने तंतू सोडवायला लागले. म्हणजे पट्टीचा अर्धा भाग शरीराने बाहेर हाकलला होता आणि अर्धा भाग धरून ठेवला होता! मी दोन्ही टोकांचे तुकडे आणि त्यांच्याभोवतीचं ऊतक वेगवेगळ्या बाटल्यांत पाठवलं. हे केलं नसतं तर ही केस मला अर्धवटच कळली असती.

पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी मला बोलावूनच घेतलं, म्हणाल्या या आणि स्वतः बघा. वरच्या तुकड्यात न्यूट्रोफिलची गर्दी, नव्या केशवाहिन्या, जायंट सेल जागोजागी, आणि पट्टीच्या छिद्रांत जंतूंच्या निळसर वसाहती. पोलराइज्ड प्रकाश लावला की पेशींच्या पोटात पट्टीचे सुटलेले तंतू चांदण्यांसारखे चमकत होते, म्हणजे घासून घासून पट्टीचे बारीक तुकडे पडले होते आणि त्या तुकड्यांभोवती तीच जुनी टेफ्लॉनच्या पुडीची गोष्ट सुरू झाली होती. खालचा तुकडा बघायला काच बदलली आणि जणू दुसऱ्याच माणसाचं ऊतक. पातळ कोलॅजनचे समांतर पट्टे, एखाददुसरा जायंट सेल पट्टीला चिकटून गप्प बसलेला, छिद्रांच्या तोंडाशी थोडे फायब्रोब्लास्ट, सूज जवळजवळ नाही. आणि कॅन्सरच्या पेशी दोन्हीकडे कुठेही नाहीत, ते पहिल्यांदा फोन करून मुलीला सांगितलं.

माणूस एक, पट्टी एक, बसवलेला दिवस एक. वरच्या टोकाला पातळ त्वचा, हालचाल आणि मग जंतू, खालच्या टोकाला स्नायूची गादी आणि स्थिरता. हे बघितल्यापासून "या पेशंटला मटेरियल सूट झालं नाही" हे वाक्य मी वापरणं बंद केलंय. खरी अ‍ॅलर्जी किंवा खरा नकार फार क्वचित असतो, बहुतेक वेळा आपण ते कुठे ठेवलं आणि ते तिथे हलतंय का याचा हिशोब असतो, आणि सगळा दोष मटेरियलवर ढकलला की पुढच्या पेशंटची खिडकी पण उंचच पडते.

काढल्यानंतरचे पहिले दोन आठवडे आवाज खराब होता, त्या लिहून बोलत होत्या. जखम भरली, व्हेंट्रिकलचं भोक आपोआप मिटलं, स्पीच थेरपी सुरू केली. सहाव्या आठवड्यात आल्या तेव्हा मी सवयीने घड्याळ लावलं आणि ९ सेकंद आले. मला वाटलं चुकलं, परत लावलं, ९ च. संसर्ग चालू असताना ८ होते आणि सुरुवातीला, काहीच नव्हतं तेव्हा, ४. टेकू काढून घेतला तरी आवाज ४ वर गेला नाही.

याचं कारण ते कुंपण. पट्टी गेली पण चौदा-पंधरा महिन्यांत तिच्याभोवती विणलेलं कोलॅजन जागेवर राहिलं, शिवाय संसर्गानंतर भरून आलेला व्रण, त्या सगळ्याने स्वरतंतूला मागून थोडा आधार दिला. बाहेर पडलेल्या इम्प्लांटनंतर आवाज अपेक्षेपेक्षा बरा राहतो हे इतर सर्जननीही नोंदवलंय, मी वाचलं होतं पण पेशंटला आधी सांगायची हिंमत केली नव्हती, आशा लावून ती मोडणं वाईट. स्ट्रोबोस्कोपीत (लुकलुकत्या प्रकाशात स्वरतंतूची थरथर संथ करून दाखवणारी तपासणी) डाव्या स्वरतंतूवरची लाट थोडी मंद पण आहे, म्हणजे पांघरूण शाबूत आहे, व्रण खोल राहिला, वर आला नाही. मागच्या बाजूला छोटी फट राहते.

पुढे काय करायचं यावर आम्ही तिघं बराच वेळ बोललो. परत खिडकीतून सिलिकॉन टाकता येईल, पण आता तिथले थर एकमेकांना चिकटलेत, सोडवताना त्वचा फाटायची भीती पहिल्यापेक्षा जास्त, आणि संसर्ग होऊन गेलेल्या जागी लगेच नवी परकी वस्तू मला नकोच होती. दुसरा मार्ग पोटावरची स्वतःची चरबी काढून टोचायची, ती परकी नाही, तिच्याविरुद्ध लढाई नाही, पण तिच्यातली किती टिकेल आणि किती विरघळेल याचा भरवसा नाही. तिसरा मार्ग काहीच न करता थांबायचं. मॅडमनी तिसरा निवडला. म्हणाल्या, "वर्गात माइक लावेन, ठसका लागत नाही तोवर मला घाई नाही."

एक प्रश्न त्यांनी जाता जाता विचारला तो मात्र नेमका होता, हा व्रणाचा आधार किती दिवस टिकणार? व्रण ही स्थिर वस्तू नाही, त्यातल्या मायोफायब्रोब्लास्ट पेशी आकसतात, कोलॅजन वर्षभर आणि त्यानंतरही नव्याने रचलं जातं, आकसताना तो स्वरतंतूला मध्यरेषेकडे ओढू शकतो तसा बाहेरही ओढू शकतो, आणि नस नसलेला स्नायू वर्षागणिक बारीक होत जातो तो वेगळाच. म्हणून दर तीन महिन्यांनी बोलावतोय. सहाव्या आठवड्यात ९, तिसऱ्या महिन्यात १०, सहाव्या महिन्यात १०. पुढची तपासणी नवव्या महिन्यात आहे. कूर्चेचं माप, खिडकीची नेमकी उंची आणि पट्टीच्या टोकांची जागा, हे सगळं त्यांच्या फाइलच्या पहिल्या पानावर मी हाताने आकृती काढून लिहून ठेवलंय, म्हणजे पुढे कधी दुसऱ्या कुणाला परत ती खिडकी उघडावी लागली तर त्याला अंदाजाने चाचपावं लागणार नाही.